नाव झाकलेलं, भाव उघडा: अमेरिकेतल्या शहरांत हॉटेलची स्वस्त खोली कशी मिळवाल?

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील असोत, तिथेच नोकरी करणारं आणि लांबलेल्या शनिवार-रविवारी न्यूयॉर्क किंवा शिकागो पाहायला निघालेलं जोडपं असो, हॉटेलचा विषय आला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा: ‘पूर्वी प्राइसलाइनच्या संकेतस्थळावर आपल्याला परवडेल तो भाव सांगून खोली मिळायची. ती बोली आता कुठे लावायची?’ दुसरा त्याहून अवघड: ‘चार तारांकित खोली बऱ्याच कमी भावात दिसतेय, पण हॉटेलचं नावच दिसत नाही. पैसे भरावेत का?’

पहिल्याचं उत्तर एका वाक्याचं आहे: हॉटेलांसाठीची ती बोली बंद झाली. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आहे, पण सरसकट नाही. या व्यवहारात मिळणारी सवलत फुकट नसते. नाव न कळण्याची, भाग नेमका न कळण्याची आणि बेत बदलता न येण्याची ती किंमत असते. ही किंमत तुम्हाला परवडते का, हे पैसे भरण्याआधी ओळखता आलं तरच सौदा फायद्याचा. ते कसं ओळखायचं, ते पुढे पायरीपायरीने दिलं आहे.

बोलीची खिडकी कुठे गेली?

प्राइसलाइन १९९८ मध्ये सुरू झाली ती ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ या कल्पनेवर. आधी विमानाची तिकिटं, पाठोपाठ हॉटेलच्या खोल्या. ग्राहकाने शहराचा भाग आणि ताऱ्यांची पातळी निवडायची, रात्रीचा भाव लिहायचा आणि कार्डाचा क्रमांक आधीच द्यायचा. कुणा हॉटेलला तो भाव मान्य झाला तर पैसे लगेच कापले जायचे आणि मगच हॉटेलचं नाव कळायचं.

बोली नाकारली गेली तर तशीच बोली पुन्हा लावायला थांबावं लागे. काहीतरी बदललं, म्हणजे एखादा भाग वाढवला किंवा तारा कमी केला, तर मात्र लगेच पुन्हा संधी मिळे. जाणकारांनी इथेच युक्ती शोधली. ज्या भागात चार तारांकित हॉटेलच नाही, असा भाग ते मुद्दाम यादीत वाढवत. त्यामुळे नको त्या भागात जाण्याचा धोका नसे आणि भाव पाच-दहा डॉलरांनी वाढवून दुसरी, तिसरी, चौथी बोली त्याच बैठकीत लावता येई.

२०१६ मध्ये विमान तिकिटांची बोली थांबली आणि पुढे काही वर्षांत हॉटेलांचीही. तिची जागा घेतली ती भाव उघड आणि नाव झाकलेल्या खोल्यांनी. प्राइसलाइनवर त्यांना ‘एक्स्प्रेस डील’ म्हणतात, तर २००० साली सुरू झालेल्या हॉटवायर या संकेतस्थळावर ‘हॉट रेट’. भाव आता हॉटेल सांगतं आणि तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. पण जुन्या बोलीतली दोन सूत्रं आजही लागू आहेत: आपली कमाल मर्यादा आधी ठरवणं आणि कोणत्या भागात कोणती हॉटेलं आहेत याचा अभ्यास करणं.

हॉटेल खोली स्वस्तात का सोडतं?

रात्री मंडई उठायच्या वेळी भाजीवाला मेथीची जुडी निम्म्या भावात देतो, कारण सकाळी ती कोमेजलेली असते. हॉटेलच्या खोलीची रात्र त्याहूनही नाशवंत. आजची रात्र रिकामी गेली तर ती उद्या विकता येत नाही. पण स्वतःच्या नावाने भाव उघडपणे पाडला तर पूर्ण पैसे भरलेले पाहुणे नाराज होतात आणि पुढचे पाहुणेही त्याच भावाची वाट बघतात. म्हणून नाव झाकून उरलेल्या खोल्या विकल्या जातात. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: ज्या दिवशी शहरात खोल्या उरणारच नाहीत, त्या दिवशी झाकलेला सौदाही स्वस्त नसतो.

आज तुमच्यासमोर असलेले मार्ग

- नाव पूर्ण झाकलेली खोली: भाग, तारे, पाहुण्यांनी दिलेले गुण आणि सोयी दिसतात. नाव पैसे भरल्यावर कळतं. पैसे परत मिळत नाहीत.
- तीनपैकी एक: प्राइसलाइनवर ‘प्राइसब्रेकर’ या नावाने तीन हॉटेलं उघड दाखवली जातात आणि त्यांतलं एक मिळतं. नवख्यांनी सुरुवात इथून करावी. सवलत कमी असली तरी धोका मोजता येतो.
- नाव उघड, पण रद्द न होणारी खोली: रद्द करता येणाऱ्या खोलीपेक्षा थोडी स्वस्त. तारखा पक्क्या असतील तरच.
- हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा सदस्यभाव: मोठ्या साखळ्यांचं सदस्यत्व मोफत असतं. सदस्याला थोडी सूट आणि मुक्कामाचे गुण मिळतात.
- मोठ्या खोलीसाठी बोली: खरी बोली आज उरली आहे ती इथे. काही हॉटेलं आरक्षणानंतर ईमेल पाठवून ‘वरच्या दर्जाच्या खोलीसाठी किती जादा द्याल?’ असं विचारतात. आकडा बहुधा दर रात्रीचा असतो आणि त्यावर कर वेगळा. तो मुक्कामाच्या रात्रींनी गुणून मगच लिहा.

पायरीपायरीने असं करा

1. आधी एक सुरक्षित खोली घ्या. चालेल अशा हॉटेलात, नाव उघड असलेलं आणि मोफत रद्द करता येणारं आरक्षण करून ठेवा. आता घाई तुमची राहत नाही. त्याच खोलीचा भाव हा तुमचा मापदंड.

2. कमाल मर्यादा कागदावर लिहा. कर आणि सक्तीचं शुल्क धरून, पूर्ण मुक्कामाची. मापदंडापेक्षा किती स्वस्त मिळालं तर नाव न कळण्याचा धोका पत्करायचा, हेही लिहा. दहा टक्क्यांसाठी तो पत्करू नये. २५-३० टक्के वाचत असतील तर विचार करावा.

3. दोन खिडक्या शेजारी उघडा. एकीत झाकलेली खोली, दुसरीत त्याच संकेतस्थळावरची नाव उघड असलेली हॉटेलं. दोन्हीकडे तारखा, भाग आणि तारे अगदी सारखे लावा.

4. खुणा जुळवा. झाकलेल्या खोलीखाली सोयींची यादी असते. ‘वायफाय’ आणि ‘व्यायामशाळा’ सगळीकडे असतात, त्यांचा उपयोग नाही. दुर्मिळ जोड्या शोधा: आत पोहण्याचा तलाव आणि मोफत नाश्ता, पाळीव प्राण्यांना परवानगी आणि विमानतळाची मोफत गाडी, खोलीत स्वयंपाकघर. पाहुण्यांचे गुण ‘८ च्या वर’ असतील तर त्याखालची हॉटेलं वगळा. खोडलेला मूळ भाव दाखवला असेल तर तो कोणत्या उघड हॉटेलाशी जुळतो ते पाहा. चार-पाच हॉटेलांची यादी एक-दोनवर येते.

5. सर्वांत नावडत्याचा विचार करा. उरलेल्या यादीतलं जे हॉटेल तुम्हाला सर्वांत कमी आवडतं, तेच मिळणार असं धरा. ते त्या भावात चालेल? चालत असेल तर पुढे जा. नसेल तर खिडकी बंद करा.

6. नकाशाचा रंगवलेला भाग मोठा करून पाहा. एकाच नावाचा भाग दोन-तीन किलोमीटर पसरलेला असतो. त्याच्या सर्वांत दूरच्या टोकापासून मेट्रो किती लांब आहे ते मोजा.

7. थोडं थांबून पुन्हा पाहा. आठवडाभर आधी, तीन दिवस आधी, आदल्या दिवशी. सुरक्षित खोली हातात असल्यामुळे, ती रद्द करण्याची मुदत संपेपर्यंत, थांबणं परवडतं.

8. खोली पक्की झाल्याबरोबर सुरक्षित खोली रद्द करा आणि रद्द झाल्याची ईमेल जपून ठेवा.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, आईवडिलांसाठी मॅनहॅटनमध्ये तीन रात्री हव्या आहेत. झाकलेली खोली रात्रीला १५० डॉलर आणि तिथे नाश्ता नाही. शेजारच्या खिडकीत नाव उघड असलेलं हॉटेल १७५ डॉलरला, नाश्ता धरून आणि रद्द करता येणारं. न्यूयॉर्क शहरात हॉटेलवर १४.७५ टक्के कर आणि शिवाय दर रात्रीला साडेतीन डॉलर लागतात.

- झाकलेली खोली: ४५० + ६६.३८ + १०.५० = ५२६.८८ डॉलर
- नाव उघड असलेली: ५२५ + ७७.४४ + १०.५० = ६१२.९४ डॉलर

फरक ८६ डॉलरांचा. पण दोघांचा नाश्ता बाहेर प्रत्येकी १५ डॉलर धरला तरी तीन सकाळींचे ९० डॉलर होतात. स्वस्त दिसलेली खोली चार डॉलरांनी महाग पडली आणि बेत बदलण्याची मुभा गेली ती वेगळीच.

हाच हिशेब दोघे तरुण, नाश्त्याला कॉफीवर भागवणारे, दिवसभर भटकणारे असतील तर उलटा लागतो. त्यांचे ८६ डॉलर खरोखर वाचतात. म्हणून दुसऱ्याला मिळालेला भाव ऐकून निर्णय घेऊ नका, आपल्या घरातल्या माणसांचा हिशेब मांडा. शाकाहारी आईवडिलांना खोलीत खिचडी टाकता आली तर त्या सोयीचंही मोल असतं. रेसिडेन्स इन, होमवूड स्वीट्स, स्टेब्रिज यांसारख्या दीर्घ मुक्कामाच्या साखळ्यांत खोलीतच लहान स्वयंपाकघर असतं आणि सकाळचा नाश्ताही भाड्यात धरलेला असतो.

कोणत्या शहरात, कधी?

शहराचं पोट कशावर चालतं ते पाहिलं की भावाचा अंदाज येतो.

सॅन होजे आणि आजूबाजूच्या सिलिकॉन व्हॅलीत सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या कामासाठी आलेले लोक खोल्या भरतात. शुक्रवार-शनिवारी त्याच खोल्या रिकाम्या पडतात आणि झाकलेले सौदे चांगले मिळतात. लास व्हेगासचं गणित नेमकं उलटं: शुक्रवार-शनिवार महाग, मंगळवार-बुधवार स्वस्त. जानेवारीत तिथे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं तेव्हा मात्र आठवड्याचे दिवसही परवडत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये नाताळापर्यंतचा डिसेंबर महाग, जानेवारी-फेब्रुवारी स्वस्त. शिकागोही हिवाळ्यात स्वस्त, पण वाऱ्याची तयारी हवी. वॉशिंग्टनला मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीच्या बहरासाठी झुंबड उडते, तर ऑगस्टमध्ये संसदेला सुटी असल्याने गर्दी ओसरते.

अधिवेशनांचं वेगळं लक्षात ठेवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०२२ मध्ये अटलांटिक सिटीला आणि २०२४ मध्ये सॅन होजेला झालं. अशा वेळी हजारो माणसं एकाच परिसरात खोल्या शोधत असतात. तिथे शेवटच्या आठवड्यात झाकलेला सौदा मिळेल या भरवशावर राहू नका. संयोजकांनी हॉटेलांशी ठरवलेला गटभाव घ्या आणि त्याची अंतिम तारीख पाळा. त्या तारखेनंतर उरलेल्या खोल्या हॉटेल आपल्या चालू भावाने विकतं.

इथे फसगत होते

- तारे सरकारी नसतात. अमेरिकेत हॉटेलांना तारे देणारी सरकारी व्यवस्था नाही. प्रत्येक संकेतस्थळ आपापले तारे लावतं. एकाकडचं साडेतीन दुसऱ्याकडे चार असू शकतं.
- पलंग तुमच्या हातात नसतो. नाव झाकलेल्या खोलीत दोघांची सोय धरलेली असते. एक मोठा पलंग की दोन, हे बहुधा हॉटेल ठरवतं. आईवडील आणि दोन मुलं एका खोलीत राहणार असाल तर या वाटेला जाऊ नका.
- गाडी उभी करण्याचा खर्च. मॅनहॅटन, सॅन फ्रान्सिस्को किंवा शिकागोच्या मध्यभागी हॉटेलात गाडी ठेवायला रात्रीला ५० डॉलरांहून जास्त लागणं नवलाचं नाही. भाड्याची गाडी असेल तर ही रक्कम आधी हिशेबात मिळवा.
- आरक्षण कुणाच्या नावाने? मुलगा स्वतःच्या नावाने खोली घेतो आणि दारात उभे राहतात आईवडील. हॉटेल पासपोर्टवरचं नाव पाहतं. पाहुण्याचं नाव आरक्षणातच बरोबर घाला, नंतर ते बदलत नाही.
- पैसे भरले तरी कार्ड लागतं. किरकोळ खर्चासाठी हॉटेल कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्ड असेल तर ती मर्यादेतून अडते. डेबिट कार्डावर खात्यातलेच पैसे अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस जातात. कार्ड आईवडिलांच्याच नावाचं हवं.
- वय. काही हॉटेलं, विशेषतः लास व्हेगासमधली, २१ वर्षांखालच्यांना खोली देत नाहीत. शिकायला गेलेल्या मुलांनी हे आधी पाहावं.
- गुण मिळत नाहीत. झाकलेल्या सौद्यावर साखळीचे मुक्काम-गुण आणि सदस्यांच्या सवलती सहसा लागू होत नाहीत.
- भारतीय कार्ड. परदेशी चलनातल्या व्यवहारावर बऱ्याच बँका दोन ते साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. पैसे रुपयांत कापू की डॉलरमध्ये, असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपयांतला दर सहसा महाग पडतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी वापर मुळात बंद असतो. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमधून तो सुरू करून घ्या.

ही वाट कुणासाठी नाही

व्हिसाची मुलाखत अजून व्हायची आहे, विमान जोडून आहे आणि पहिलं चुकलं तर रात्र बदलेल, घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरते आहे, अशांपैकी काहीही असेल तर झाकलेली खोली घेऊ नका. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या किंवा पायरी नसलेलं स्नानघर लागणाऱ्या माणसासाठीही नको. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्याखाली हॉटेलांनी अशा खोल्यांचं पुरेसं वर्णन करणं आणि आरक्षित केलेली तशी खोली त्याच पाहुण्यासाठी राखून ठेवणं बंधनकारक आहे. तो हक्क वापरायचा तर हॉटेलचं नाव आधी कळायला हवं. फोन करा, खोलीतली नेमकी सोय विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.

तुमचे हक्क

- एकूण किंमत आधी दिसली पाहिजे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार मुक्कामाचा भाव दाखवताना ‘रिसॉर्ट फी’सारखी सक्तीची शुल्कं धरून एकूण किंमत ठळकपणे दाखवावी लागते. सरकारी कर मात्र वेगळे दाखवता येतात. हॉटेलच्या काउंटरवर न सांगितलेलं सक्तीचं शुल्क मागितलं तर आरक्षणाच्या पानाचं छायाचित्र दाखवा आणि हरकत घ्या.
- कॅलिफोर्नियातले २४ तास. तिथे १ जुलै २०२४ पासून मुक्कामाच्या किमान ७२ तास आधी केलेलं हॉटेलचं आरक्षण २४ तासांत दंड न भरता रद्द करण्याची सोय कायद्याने दिली आहे. हा हक्क नाव उघड असलेल्या खोलीसाठी वापरा. झाकलेल्या खोलीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.
- खोलीच नाही म्हणाले तर. हॉटेलने जागेपेक्षा जास्त आरक्षणं घेतली असतील तर जवळच्या तोडीच्या हॉटेलात सोय करून पहिल्या रात्रीचं भाडं देण्याची या व्यवसायात रीत आहे. ती रीत आहे, सर्वत्र लागू असलेला कायदा नव्हे. म्हणून शांतपणे पण ठामपणे मागा आणि तिथूनच संकेतस्थळाच्या ग्राहकसेवेला फोन लावा.
- वर्णनाशी न जुळणारी खोली. दाखवलेली सोय, तारे किंवा भाग प्रत्यक्षात नसेल तर खोलीत सामान लावण्याआधी फोटो काढा आणि तक्रार नोंदवा. मुक्काम संपवून घरी आल्यावर केलेली तक्रार लंगडी पडते.
- कार्डावरची हरकत. अमेरिकी क्रेडिट कार्डावर चुकीची रक्कम लागली तर बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेकडे लेखी हरकत घेता येते. भारतीय कार्ड असेल तर लगेच बँकेला कळवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते समाधानकारक नसलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.
- भारतातल्या संकेतस्थळावरून आरक्षण केलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ‘फक्त एकच खोली उरली’ अशी खोटी घाई दाखवणं आणि शेवटच्या पानावर भाव वाढवणं या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरतात.

पैसे भरण्यापूर्वीची पाच मिनिटं

तारखा मोठ्याने वाचा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ०७/०४ म्हणजे ४ जुलै. पाहुण्याचं नाव पासपोर्टशी ताडून पाहा. एकूण रकमेच्या पानाचं छायाचित्र काढा. मग पैसे भरा.

आणि ती पहिली, सुरक्षित खोली रद्द करायला विसरू नका. रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार असते. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. सॅन फ्रान्सिस्कोचं अनुक्रमे साडेबारा आणि साडेतेरा. मुदतीची वेळ भारतीय वेळेत बदलून आजच मोबाइलवर गजर लावून ठेवा.